रंग आपोआप बसतो

कॉम्प्रेसर सुरू केला की तबकडीवरचा काटा अठरावर जाऊन थांबायचा. त्या गुरुवारी तो बारावर थांबला. ओरेस्ट हनात्युकने चष्मा कपाळावर ढकलला, पुन्हा नाकावर आणला, तबकडीच्या काचेवर नखाने टिचकी मारली. काटा बारावरच. पोहून आल्यामुळे त्याच्या अंगाला अजून तलावातल्या औषधाचा वास येत होता, बाहेर उणे बावीस होतं, आणि तळघराच्या पायऱ्या उतरताना तो बऱ्यापैकी खुशीत होता. ती खुशी आता पार गेली. एकोणीस वर्षं ह्या गृहस्थाने रंगाचा फवारा मारणारा एअरब्रश चालवला तो अठरा पौंड हवेवर. सतरावर नाही, एकोणीसवर नाही. मॉडेलं करणाऱ्यांच्या मंडळातले लोक म्हणायचे, ओरेस्टच्या गाडीच्या चाकातसुद्धा अठराच पौंड असणार. दाबाची ती चकती फिरवायची तर आधी वर ओढावी लागते, मग दोन बोटांनी वळवावी लागते. धक्का लागून ती फिरत नाही, थंडीने फिरत नाही. म्हणजे कोणीतरी फिरवली. आणि घरात माणसं दोन. त्यातला एक सकाळी साडेनऊला टॉवेल घेऊन बाहेर पडलेला, आणि दुसरी डार्का, जी तळघरात यायची ती कपडे धुवायच्या मशीनपुरती. मशीनवरून ह्या टेबलाकडे तिने शेवटचं कधी पाहिलं होतं, ते ओरेस्टला आठवेना. आठवायचा प्रयत्न त्याने पूर्वी केलाही नव्हता.

टेबलावर प्लास्टिकचं लाल विमान होतं, पाण्यावर उतरणारं, पोटाखाली दोन होड्या असलेलं. डाव्या पंखावर त्याने सकाळीच रंग मारला होता. सकाळी तो पंख संत्र्याच्या सालीसारखा दिसत होता, आता आरशासारखा सपाट होता. ह्यात मात्र त्याला काही विशेष वाटलं नाही. हाल्डेन कंपनीच्या रंगाचा तो गुणच होता. सकाळी खरबरीत, दुपारी गुळगुळीत. हा गुण जगात पहिल्यांदा कोणी हेरला असेल तर तो ओरेस्ट हनात्युकने, आणि हेरून तो लिहूनही ठेवला होता.

कारण त्याचं खरं काम मॉडेलं रंगवणं हे नव्हतंच, रंगांची तुलना करणं हे होतं. बाजारात नवा रंग आला की ओरेस्ट तो आधी प्लास्टिकच्या पांढऱ्या चमच्यावर मारून बघायचा. चमच्याला फुगवटा असतो, खळगा असतो, धारदार कड असते. विमानाला जे जे असतं ते सगळं चार सेंटांत मिळतं. चमच्याच्या दांड्यावर काळ्या पेनाने रंगाचं नाव, किती थेंब रंगाला किती थेंब पातळ करायचं द्रव, हवा किती, तारीख. असे शेकडो चमचे खिळ्यांच्या रांगेत टांगलेले. झाकतो किती, बसतो कसा, सुई चोंदवतो का, वास किती मारतो, चिकटपट्टी ओढली की सोलून येतो का, अशा पाच गोष्टींना दहापैकी गुण. वर्षातून एकदा ही तुलना मंडळाच्या पत्रकात छापून यायची आणि विनिपेगमधली शंभरएक म्हातारी पोरं ती वाचून बाटल्या विकत घ्यायची. ओरेस्टच्या शब्दाला वजन होतं. एकतीस वर्षं त्याने बसच्या कारखान्यात रंगाची तपासणी केली होती. ट्यूबलाइटच्या उजेडात तो बसच्या कडेने चालत जायचा आणि मध्येच थांबून बोट ठेवायचा, आणि तिथे खोट असायचीच. रंगारी त्याच्या मागे त्याला शिव्या घालायचे, पण बोट चुकलं असं कोणी कधी म्हणालं नाही.

दोन वर्षांपूर्वी हाल्डेनचा पिवळा पहिल्यांदा मारला तेव्हा त्याने तो मनातल्या मनात शून्यावर नेऊन ठेवला होता. पिवळा हा मुळातच हरामखोर रंग. झाकत नाही, जमत नाही, जरा जास्त झाला की ओघळतो, जरा लांबून मारला की वाटेतच सुकतो आणि वाळूसारखा पडतो. युद्धाच्या दिवसांत मॅनिटोबाच्या माळावर शिकाऊ वैमानिकांना जे पिवळं विमान देत, त्याचं मॉडेल तो रंगवत होता. सगळं अंग रवाळ झालं. एअरब्रश टेबलावर आपटून तो पोहायला निघून गेला. आला तेव्हा विमान गुळगुळीत. तो खुर्चीत बसून राहिला, विमान दिव्याखाली फिरवून फिरवून बघत, आणि त्याला अगदी तरुण वाटलं. त्याच संध्याकाळी त्याने लिहिलं, ‘मारताना निराश होऊ नये. हा रंग सुकताना आपोआप बसतो. दहापैकी दहा.’ त्याच पानावर खाली, हस्तकलेच्या दुकानात दोन डॉलरला मिळणाऱ्या बाटलीला एक गुण देऊन त्याने लिहिलं होतं, ‘लहान मुलांना द्यावा. तोही कागदावर.’ त्या पिवळ्या विमानाला गेल्या एप्रिलच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं. आता एकच गोष्ट होती. चमच्यावर मारलेला हाल्डेन कधी बसत नसे. सकाळी खरबरीत असलेला चमचा दुपारीही खरबरीतच. त्यावर ओरेस्टने स्वतःची समजूत घातली होती की चमच्याचं प्लास्टिक वेगळं, तेलकट. कारखान्यात एखाद्या रंगाऱ्याने त्याला असलं कारण दिलं असतं तर ओरेस्टने त्याला दारातून हाकललं असतं.

आणि हाताचं म्हणाल तर हात थोडा थरथरायचा. फार नाही. तीन वर्षांपासून. पहिल्यांदा कॉफी सांडली तेव्हा त्याने कपाला नावं ठेवली. एअरब्रश कापू लागला तेव्हा त्याने कॉम्प्रेसरच्या पायांखाली रबर घातलं, मग ते बदलून जाड रबर घातलं, मग नवा कॉम्प्रेसरच आणला. डॉक्टरकडे गेला नाही. एक राखाडी युद्धनौका त्याने त्या सुमारास कचऱ्याच्या डब्यात घातली, बॅटने झुरळ मारावं तशी चेचून, आणि वर जाऊन शांतपणे जेवला. त्याबद्दल घरात कोणी कोणाला काही विचारलं नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात न विचारण्याची चांगली सवय झालेली असते.

बारावरच्या काट्याकडे बघताना त्याला आठवला तो मर्व फ्रीसन, आणि रविवारची बैठक. मर्व आयुष्यभर कवळ्या करत आला, आता रणगाडे करतो. बैठक असते माजी सैनिकांच्या हॉलमध्ये, लांबलचक टेबलं, जॅम भरलेले डोनट, प्रत्येकाने आपलं मॉडेल बुटांच्या खोक्यातून आणलेलं. मर्वने आपला रणगाडा ओरेस्टच्या पुढ्यात ठेवला. रणगाडा पार गोवर उठल्यासारखा झाला होता.

“तुझ्या त्या हाल्डेनने माझी वाट लावली बघ.”

“रंगाने नाही लावली. नाचता येईना अंगण वाकडं.”

“अरे, पण तूच छापलंयस ना, आपोआप बसतो म्हणून? मी दुपारपर्यंत थांबलो. संध्याकाळपर्यंत थांबलो. चर्चला जाऊन प्रार्थना करून आलो. रंग काही बसला नाही बाबा. मीच बसलो होतो, त्याच्याकडे बघत.”

टेबलाभोवतीचे सगळे हसले. ओरेस्टही हसला, जरा उशिरा.

“पातळ किती केलास?”

“तू लिहिलंस तेवढा. थेंब मोजून. आणि मी एकटा नाही हां, अकरा जणांनी घेतला तो तुझ्या शब्दावर. एकेकाला विचारलंय मी. कोणाचा बसत नाही. फक्त तुझा बसतो.” मर्वने बोटाला लागलेला जॅम चाटला. “एक काम कर ना. पुढच्या बैठकीला इथे करून दाखव. सकाळी मार, जेवून येऊ, बघू या बसतो का.”

“दाखवतो की,” ओरेस्ट म्हणाला. “त्यात काय?”

फक्त तुझा बसतो. गाडीत बसल्यावर त्याला ते वाक्य टोचायला लागलं. हा काय बोलण्याचा प्रकार? ह्याला नेमकं काय म्हणायचं होतं? मी खोटं छापतो? की माझं काम माझं नाही? एकतीस वर्षं लोकांच्या रंगात खोट काढणाऱ्या माणसाच्या रंगात कोणीतरी पहिल्यांदा बोट ठेवलं होतं, आणि पुढच्या बैठकीत शंभर डोळ्यांसमोर त्याला आपला शब्द खरा करून दाखवायचा होता. नाहीतर पदक गेलं, तुलना गेली, आणि मग ओरेस्ट हनात्युक म्हणजे तळघरातला एक थरथरणारा म्हातारा. त्याला भीती वाटली, आणि भीती वाटल्याचा राग आला, आणि तो राग त्याने सोयीस्करपणे मर्वच्या नावावर टाकला.

आणि आता हा काटा. तो वर गेला तेव्हा डार्का बीटाचं सार ढवळत होती. सिंकमध्ये कॉफीचे दोन कप होते. ओरेस्टने सकाळची कॉफी आपल्या मोठ्या मगातून घेतली होती, आणि तो धुऊन पालथा घातला होता.

“कोणी आलं होतं?” त्याने विचारलं.

“कोण येणार ह्या थंडीत?”

“कप दोन आहेत.”

“मग? एकाच कपाने प्यायचं असं लग्नात ठरलं होतं का?” तिने त्याच्याकडे न बघता वाटीत सार वाढलं, वर आंबट साईचा गोळा सोडला. “चर्चमधून इरेनचा फोन होता. शनिवारी पेरोगीत बटाटा भरायला बायका कमी पडताहेत. बाराशे करायच्यात. फोनवर अर्धा तास खाल्ला तिने माझा. जेव, निवेल.”

तो जेवला. जेवताना तिचे हात बघत होता. जाडसर, लालसर, स्थिर हात. बावीस वर्षं तिने सुपरमार्केटच्या बेकरीत केक सजवले होते. लग्नाचे, पदवीचे, बाळाच्या बारशाचे. एका कपातला रंग त्याला दिसला नव्हता का? दिसला होता. कपाच्या तळाशी लालसर कडं होतं. बीट, असं त्याने ठरवलं, आणि पुढच्याच घासाला ते त्याला पटेनासं झालं. लिपस्टिक? डार्का लिपस्टिक लावत नाही. मर्वही लावत नाही, म्हणा. पण मनात पाल चुकचुकली की ती भिंतीवरून हलत नाही, आणि शुक्रवार-शनिवार ओरेस्टने त्या पालीची चांगली बडदास्त ठेवली. आधी त्याने कंपनीवर संशय घेतला: त्यांनी गुपचूप रंग बदलला असणार, चांगला माल युरोपात आणि गाळ आमच्याकडे. मग दुकानदारावर: बाटलीत दुसरंच काही भरत असेल. पण दुकानदार येऊन माझी हवा कमी कशी करेल? मग उरला मर्व. मर्वला तळघर माहीत होतं. मागल्या गल्लीतून गॅरेजकडचं दार असतं, त्याची किल्ली कुठे असते हेही माहीत होतं. गेल्या वसंतात तळघरात पाणी आलं तेव्हा पंप बसवायला तोच आला होता. ओरेस्ट मंगळवार-गुरुवार पोहायला जातो हे सगळ्या मंडळाला ठाऊक. म्हणजे मर्व येतो. येऊन माझ्या कामावर हात फिरवतो, आणि मग हॉलमध्ये सगळ्यांदेखत म्हणतो, करून दाखव. कशासाठी? हसं करायला. आणि दार कोण उघडतं? कॉफी कोण देतं?

इथपर्यंत आल्यावर त्याला नाताळचं जेवण आठवलं. मंडळाच्या नाताळच्या जेवणाला केक दर वर्षी डार्काचा असायचा. एका वर्षी तिने केकवर आकाश केलं होतं, खाली गडद, वर फिकट होत गेलेलं, आणि त्यात पांढऱ्या साखरेची विमानं. मर्व म्हणाला होता, “हे आकाश कसं केलंस गं? कुठेच जोड दिसत नाही.” डार्का लाजली होती. “एअरब्रशने,” ती म्हणाली, “बेकरीत असतो ना आमच्या.” आणि ओरेस्ट मोठ्याने म्हणाला होता, “केकचा फवारा तो! त्यात साखरेचं पाणी असतं. त्याला एअरब्रश नाही म्हणत.” सगळे हसले होते. मर्व हसला नव्हता. तो डार्काला म्हणाला होता, माझ्याशी नाच, आणि ती नाचली होती. इतक्या वर्षांनी ओरेस्टला तिच्या निळ्या पोशाखाची पाठ दिसली, आणि तिच्यावर ठेवलेला मर्वचा कवळ्या करणारा हात. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. शनिवारी ती चर्चमधून पिठाने पांढरी होऊन आली तेव्हा त्याने तिला दोनदा विचारलं की तिथे पुरुष कोण कोण होते.

“पाद्री,” ती म्हणाली. “ब्याऐंशी वर्षांचे आहेत. का रे?”

मंगळवारी सकाळी त्याने लाल विमानाच्या उजव्या पंखावर रंग मारला, आणि त्याच कपातल्या त्याच रंगाने एक चमचा मारला. दोन्ही सारखेच खरबरीत. काटा अठरावर आहे ना हे दोनदा बघितलं. टॉवेल घेतला, डार्काच्या गालाला गाल लावला, गाडी बाहेर काढली आणि कोपऱ्यावरच्या डोनटच्या दुकानासमोर घराकडे तोंड करून उभी केली. अडुसष्टाव्या वर्षी आपण आपल्याच घरावर पाळत ठेवतो आहोत, ह्याची त्याला लाज वाटत होती, पण इंजिन त्याने बंद केलं नाही. बंद केलं असतं तर गोठला असता. रस्त्याने टपालवाला गेला. शेजारची बाई कुत्र्याला बूट घालून फिरवून आली. मर्वचा ट्रक आला नाही. पंधरा मिनिटं झाली. मग घराच्या बाजूच्या भिंतीतल्या नळीतून वाफ यायला लागली.

ती नळी त्यानेच बसवली होती. रंग मारताना उडणारा धूर पंख्याने ओढून बाहेर टाकायची. कपडे वाळवायच्या मशीनची नळी मागच्या भिंतीत आहे, ही बाजूची. उणे पंचविसात आतली उबदार हवा बाहेर पडली की तिचा पांढरा शुभ्र लोट होतो, आणि लोट येत होता, म्हणजे त्याच्या टेबलावरचा पंखा चालू होता, म्हणजे त्याच्या खुर्चीत ह्या क्षणी कोणीतरी बसलं होतं. लोट थांबायचा, पुन्हा यायचा. घराकडे जावं, दार उघडावं, खाली उतरावं. पायऱ्या मोजून तेरा. त्याला ते जमलं नाही. मागच्या गल्लीत ट्रक असेल तर? तो तिथे दिसला तर मग काय करायचं, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने गाडी वळवली आणि तलावावर गेला, पण पाण्यात उतरला नाही. न्हाणीघरात जाऊन डोकं ओलं केलं, टॉवेल नळाखाली धरून पिळला, आणि कपडे घातलेल्या माणसाकडे तिथले नागडे म्हातारे बघत राहिले. बायकोशी खोटं बोलायला टॉवेल भिजवावा लागतो, हे त्याला त्या दिवशी कळलं.

घरी आला तेव्हा स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. वर डार्काच्या आंघोळीचं पाणी वाहत होतं. तो बूटही न काढता खाली उतरला. काटा अठरावर होता. फिरवणाऱ्याने ह्या वेळी आठवण ठेवली होती. उजवा पंख आरशासारखा. आणि शेजारी चमचा, त्याच कपातला, त्याच सकाळचा, खरबरीत. त्याने चमच्यावरून अंगठा फिरवला, मग पंखावरून, मग पुन्हा चमच्यावरून. दोन वर्षं हे दोन्ही समोर होतं. बसच्या कडेने चालताना जे बोट कधी चुकलं नाही, ते आपल्याच टेबलावर दोन वर्षं फिरून काही सापडत नाही म्हणून परत आलं होतं.

रंग ओळखायची एक रीत आहे आणि ती ओरेस्टनेच मंडळाला शिकवली होती. कान साफ करायची कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवायची आणि रंगावर घासायची. हाल्डेन स्पिरिटात विरघळतो, कापूस सरळ रंगून निघतो. हस्तकलेच्या दुकानातला पाण्यातला स्वस्त रंग विरघळत नाही. तो फुगतो, सुरकुततो आणि दुधावरच्या सायीसारखा सुटून येतो. त्याने लाल पंखाच्या कडेला काडी घासली. तीन-चार वेळा घासल्यावर पंखावर सुरकुती पडली. मग लाल साय निघाली. तिच्याखाली त्याचा स्वतःचा रंग होता, खरबरीत, जसा सकाळी मारला होता तसाच.

म्हणजे लाल विमान गेलं. जाऊ दे. मर्वने लालला हात लावला असेल, पण पिवळं माझं आहे. पिवळ्याला पदक आहे, ते मी रंगवलं तेव्हा कोणी काही बोललं नव्हतं, करून दाखव म्हटलं नव्हतं. त्याने काचेचं कपाट उघडलं. आत तीस वर्षांची चौदा मॉडेलं होती. पिवळं विमान त्याने पोटावर उलटं केलं आणि नवी काडी घेतली. एकदाच, पोटाखाली, जिथे कोणी बघत नाही. फक्त आपलं आपल्याला कळावं म्हणून. कापूस पिवळा होऊ दे, असं तो मोठ्याने म्हणाला. कापूस ओला आणि पांढराच राहिला. थोड्या वेळाने पोटावरचा पिवळा फुगला, सुरकुतला, आणि काडीबरोबर नखाएवढी साय वर आली. तिच्याखाली वाळू होती.

“तू पोहला नाहीस आज,” डार्का पायऱ्यांवरून म्हणाली. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. “तुझ्या अंगाला तलावाचा वास नाही.”

“मर्व कुठे आहे?”

“मर्व?” ती दोन पायऱ्या खाली आली. “मर्व फ्रीसन? तो कशाला इथे असेल?” मग तिला टेबलावरचं पिवळं विमान दिसलं, काडी दिसली, आणि तिने कठड्याला धरलं. “ओरेस्ट, हे काय केलंस रे! पदकाचं आहे ते.”

“कोणी केलंय हे?”

तिच्या नखाच्या कडेला लाल रेघ होती. ओरेस्टच्या डोक्यातून ट्रक गेला, निळा पोशाख गेला, मर्वचा हात गेला. रिकाम्या झालेल्या त्या जागेत जे आलं ते त्याला मर्वपेक्षा वाईट वाटलं.

“तू?”

“तू ती लढाऊ बोट फेकून दिलीस ना,” ती म्हणाली, “ती राखाडी. मी खाली आले होते कपडे टाकायला. डब्यात बघितली. त्या दिवशी तू जेवलास कसा, ते मला माहीत आहे. चमचा दोन्ही हातांनी धरला होतास. मग हे पिवळं असं झालं, तेव्हा म्हटलं हेही जाणार डब्यात. एक हात पातळ फिरवून बघू. केकवर क्रीम फुटलं की करतो तसंच. हवा कमी ठेवली, तुझी फार असते. पाच-सहा हात दिले.”

“त्या दोन डॉलरच्या रंगाने?”

“मला तोच येतो. तुझा वास मारतो आणि डोकं दुखतं. छटा जुळवायला अर्धा तास गेला. नवऱ्या मुलीच्या पोशाखाशी क्रीम जुळवण्यापेक्षा सोपं होतं.” तिच्या आवाजात अभिमान येऊ पाहत होता, तिने तो आवरला. “एअरब्रश कॉफीच्या कपात धुते. तीनदा. तुझी सुई कधी चोंदली का?”

चोंदली नव्हती. ‘सुई चोंदत नाही,’ असंही त्याने हाल्डेनबद्दल छापलं होतं. त्याला हसू यायला हवं होतं, निदान चीड तरी. “मी छापलं,” तो म्हणाला. “शंभर लोकांना सांगितलं, रंग आपोआप बसतो म्हणून. मर्व विचारतोय मला. सगळ्यांसमोर करून दाखव म्हणतोय. डार्का, मला वाटलं तो रंगच आहे. तू एक शब्द बोलली नाहीस.”

डार्का त्याच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि तो बदल बघणं ओरेस्टला साय निघताना बघण्यापेक्षा जड गेलं.

“तुला ठाऊक नव्हतं?” ती म्हणाली. “खरंच नव्हतं ठाऊक?”

“कसं असणार?”

“तू तुझ्या डोळ्यांनी… तुला तर सगळं दिसतं. मला वाटलं तुला पहिल्याच दिवशी कळलं. पत्रक आलं ते मी वाचलं. ‘निराश होऊ नये. आपोआप बसतो. दहापैकी दहा.’ मला वाटलं…” तिने टॉवेलचं टोक तोंडावर धरलं आणि काढलं. “मला वाटलं, हा तोंडाने कधी म्हणणार नाही, म्हणून छापून म्हणाला. ते पान मी कापून ठेवलंय. बायबलमध्ये आहे.”

वर फोन वाजला. बहुतेक चर्चमधून असणार. दोघांपैकी कोणी हललं नाही, आणि तो वाजायचा थांबला. ओरेस्टला बोलायचं होतं. दहापैकी दहा तुलाच होते, असं म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं. तुला नव्हते असं म्हटलं असतं तर त्याहून मोठं खोटं झालं असतं. त्याची नजर तिच्यावरून सरकून उघड्या कपाटात गेली. तेरा मॉडेलं. खालच्या फळीवरचं रेल्वेचं इंजिन, वरचं बर्फावरचं विमान, ती हिरवी बस, जिच्यासाठी त्याने कारखान्यातून खऱ्या रंगाचा डबा आणला होता. थरथर तीन वर्षांची आहे. ती हिरवी बस बारा वर्षांपूर्वीची, थरथरीच्या कितीतरी आधीची. त्याच्या हातात काडी होती, दुसऱ्या हातात स्पिरिटची उघडी बाटली.

“हे एकच ना?” त्याने विचारलं. “हे आणि लाल. बाकीची माझी आहेत ना?”

डार्का उरलेल्या पायऱ्या उतरून खाली आली. तिने कपाटाकडे बघितलं नाही.

“बाकीच्यांना काडी नको लावूस,” ती म्हणाली.

ती विनवत नव्हती. बेकरीत नव्या पोरीला सांगावं, भट्टी आत्ता उघडू नकोस, तशा आवाजात ती बोलली. ओरेस्टने काडी टेबलावर ठेवली आणि बाटलीचं झाकण लावायला घेतलं. झाकण बसेना. आटे जुळत नव्हते, बाटली हलत होती, थोडं स्पिरिट त्याच्या मनगटावर सांडलं. एरवी त्याने पाठ वळवली असती, नाहीतर झाकणाला शिवी दिली असती. त्याने दोन्ही हात तिच्यासमोर तसेच धरले, थरथरत होते तसे, आणि डार्काने बाटली त्याच्या हातातून घेऊन झाकण लावलं.